प्लेअर्स हँडबुक, २०२४ : चालू कॅम्पेन मध्येच नव्या नियमांवर न्यावे का?

ओसरी (पुणे) — प्रश्न

नमस्कार. गेली सहा वर्षे आम्ही पाच जण दर दुसऱ्या शनिवारी रात्री ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकेक पात्र घेऊन, फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो आणि त्यांतली बहुतेक वर्षे डीएमची (डंजन मास्टर, म्हणजे कथा चालवणाऱ्याची) खुर्ची माझ्याकडेच आहे. टेबलावरचे बोलणे सगळे मराठीत असते, नियम मात्र इंग्रजीतून वाचले जातात, आणि फासा विसावर थांबला की होणाऱ्या आरड्याओरड्यामुळे खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन गेलेले आहेत. आजवर आम्ही २०१४ च्या नियमांवर खेळलो. नवे प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये आले असले तरी आमच्या घरी ते यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडावर पोहोचले. तीन आठवड्यांत मी ते सलग वाचून काढले आणि त्यावर एकाच बैठकीत संपणारी एक छोटी कथा चालवून पाहिली. त्यातून बनलेली मते मांडते आणि शेवटी एक प्रश्न विचारते.

सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती पुस्तकाची मांडणी. जुने पुस्तक ३२० पानांचे होते, हे ३८४ पानांचे आहे, पण जाडीपेक्षा क्रम महत्त्वाचा वाटला. जुन्यात नवख्या माणसाला आधी वंश, क्लास (पात्राचा पेशा : योद्धा, जादूगार वगैरे), सामान असा सगळा बाजार फिरवून आणत आणि फासा कशासाठी टाकायचा हे थेट सातव्या प्रकरणात सांगत. आता ते पहिल्याच प्रकरणात आहे, सोबत खेळणाऱ्यांच्या संवादाचा नमुनाही दिला आहे. शिवाय शेवटी नियमांचा कोश आहे. ‘अदृश्य’ म्हणजे नेमके काय, ‘लपणे’ म्हणजे काय, हे वाद आमच्याकडे अर्धा अर्धा तास चालत; त्या एका बैठकीत दोन वेळा कोश उघडला आणि दोन्ही वेळा वाद मिनिटभरात मिटला.

बारीकसारीक बदल बहुतेक पटले. औषधाची कुपी पिणे आता बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे मुख्य कृतीखेरीज पाळीत एकदाच मिळणाऱ्या छोट्या जादा कृतीत, होते, त्यामुळे जखमी योद्ध्याला पिणे आणि लढणे यांतले एकच निवडावे लागत नाही. क्युअर वूंड्स या जखमा भरणाऱ्या स्पेलमध्ये (मंत्रात) एकाऐवजी दोन आठबाजू फासे मिळतात. बेसावध सापडलेल्याची पहिली पाळी पूर्वी वाया जात असे, आता त्याला फक्त इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) प्रतिकूल, म्हणजे दोन फाशांतला लहान धरून, टाकावा लागतो. थकव्याचा सहा पायऱ्यांचा जुना तक्ता मला सहा वर्षांत पाठ झाला नाही; आता प्रत्येक पायरीला वीसबाजू फाशातून दोन वजा आणि वेगातून पाच फूट वजा, सहाव्या पायरीला मृत्यू, एवढेच लक्षात ठेवायचे आहे.

खटकलेली गोष्ट बॅकग्राउंडची, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातल्या व्यवसायाची, आहे. पूर्वी गुणांची वाढ वंशातून मिळे, ती आता बॅकग्राउंडमधून मिळते. सोळा बॅकग्राउंडपैकी प्रत्येकाला तीन गुण नेमून दिलेले आहेत आणि वाढ त्या तिघांतच वाटायची. शेतकऱ्याला बळ, काटकपणा आणि शहाणपण मिळते, बुद्धी मिळत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला विझार्ड (बुद्धीच्या बळावरचा पुस्तकी जादूगार) व्हायचे असेल तर ती पहिल्या दिवसापासून मागे. वंशाने घातलेली बेडी काढली आणि ती व्यवसायाच्या पायात अडकवली, असे वाचताना वाटत राहिले.

आता प्रश्न. आमचे चालू कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी लांब कथा) सातव्या लेव्हलवर, म्हणजे पात्रांच्या प्रगतीच्या सातव्या पायरीवर, आहे. मंडळींत एक पॅलाडिन (धर्मयोद्धा), एक फायटर (लढवय्या), एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आणि एक हाफ-एल्फ वंशाचा बार्ड (गायक-जादूगार) आहेत. ज्यांनी नव्या नियमांवर काही महिने खेळून पाहिले आहे त्यांनी सांगावे : मध्येच बदलावे, की ही कथा जुन्यावरच संपवून पुढची नव्यावर सुरू करावी? शस्त्रांच्या मास्टरीमुळे (नव्या नियमांत शस्त्रांना मिळालेल्या खास परिणामांमुळे) लढाई लांबते, ही तक्रार खरी आहे का, तेही सांगावे.


दोन_दाणे (ठाणे)

ओसरी, मी हा उद्योग केलेला आहे, तोही सहाव्या लेव्हलवर, त्यामुळे अनुभवाने लिहितो.

तुमच्या चौघांत खरी अडचण पॅलाडिनची आहे, बाकीचे निभावून जातील. जुन्या नियमांत वार बसल्यावर डिव्हाइन स्माइट (जादा इजा करणारा दैवी तडाखा) लावायचा की नाही हे दर वाराला ठरवता येई, आणि एकाच पाळीत दोन्ही वारांना तो लावणे हा त्या क्लासचा सगळ्यांत मोठा आनंद होता. नव्या पुस्तकात तो एक स्पेल झाला असून त्याला बोनस ॲक्शन लागते, म्हणजे पाळीत एकदाच. त्यात हाताच्या स्पर्शाने जखमा बऱ्या करणे हेही आता बोनस ॲक्शनमध्ये आले आहे, तेव्हा ‘मारू की वाचवू’ हा पेच दर पाळीला उभा राहतो. मला डीएम म्हणून हा बदल आवडतो, कारण माझे मुख्य राक्षस आता पहिल्या फेरीत मरत नाहीत. परंतु ज्याने दोन वर्षे त्या दुहेरी तडाख्यावर जीव लावला आहे, त्याला एका शनिवारी येऊन ‘आजपासून हे बंद’ सांगणे मला जड गेले. आमच्या पॅलाडिनला मोबदल्यात पाचव्या लेव्हलपासून हक्काचा घोडा मिळाला, तेव्हा तो काहीसा निवळला. तुम्ही त्याला आधी विचारावे, आणि बाकीच्यांसमोर न विचारता एकट्याला फोन करून विचारावे, म्हणजे तो भिडेपोटी ‘हो’ म्हणणार नाही.

ड्रुइडचे उलट आहे. प्राणी बोलावण्याच्या जुन्या स्पेलमधून एकदम आठ लांडगे येत, आठांच्या पाळ्या, आठांचे फासे. लढाई कुठे चालली आहे हेच कळेनासे होई. आता त्या स्पेलमधून एकच सरकता कळप येतो आणि त्याला वेगळी पाळी नसते. हा बदल तर तुम्ही जुन्याच नियमांवर राहिलात तरी उचलावा.

मास्टरीबद्दल. तक्रार खरी आहे, पण सरसकट खरी नाही. एकूण आठ प्रकारांत वेळ खाणारा प्रकार मुख्यतः टॉपल (समोरच्याला पाडणे) हा एकच आहे, कारण त्यात वार बसला की समोरच्याला सेव्हिंग थ्रो, म्हणजे परिणाम टाळण्यासाठीचा फासा, टाकावा लागतो. तुमचा फायटर दोन हातांचा मोठा हातोडा घेऊन ॲक्शन सर्जसह (त्याच पाळीत आणखी एक मुख्य कृती घेऊन) उभा राहिला तर एका पाळीत चार वार होतात. पहिल्याच वाराला राक्षस पडला तर प्रश्न मिटला, टणक असेल तर चार वेळा थ्रो. आणखी एक गंमत अशी की पडलेल्या राक्षसावर लांबून बाण मारणाऱ्याचा नेम बिघडतो, त्यामुळे आमच्याकडे तिरंदाजाने फायटरशी चक्क भांडण काढले. ग्रेझमध्ये मात्र काहीच टाकायचे नसते. तलवार हुकली तरी बळाच्या आकड्याइतकी इजा होतेच. ‘हुकले, पुढचा’ हे वाक्य ऐकून हिरमुसणारी माणसे तुमच्याही टेबलावर असतील, त्यांना हे फार गोड लागते. मी फायटरच्या टॉपलचा आकडा एका जाड कागदावर लिहून माझ्या नोंदी झाकणाऱ्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, तेवढ्यानेही बराच वेळ वाचतो.

गमावलेला वेळ काही अंशी फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून (राक्षस-प्राण्यांच्या पुस्तकातून) परत मिळतो. तिथे पुष्कळ प्राण्यांचा वार बसला की परिणाम आपोआप होतो. लांडगा चावला आणि समोरचा मध्यम आकाराचा किंवा त्याहून लहान असला की तो पडलाच, थ्रो नाही. खेळाडूंना हे अन्यायकारक वाटते. वाटू द्यावे.


खलाशी (रत्नागिरी)

बॅकग्राउंडविषयी ओसरी यांनी जे लिहिले आहे ते मी पुस्तक हाती आल्यावर पहिल्या दिवशी जसेच्या तसे बोललो होतो. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि मत बदलले, म्हणून आकड्यांसह लिहितो.

त्यांचीच शेतकऱ्याची मुलगी घेऊ. गुणांची ठरीव मांडणी १५, १४, १३, १२, १०, ८ अशी धरा. विझार्ड म्हणून तिने १५ बुद्धीला आणि १४ काटकपणाला दिले. शेतकरी असल्यामुळे बुद्धी १५ वरच राहिली, म्हणजे फाशात अधिक दोन. वाढीतले दोन काटकपणाला दिले, तो १६ झाला. शेतकरी बॅकग्राउंडसोबत टफ हे फीट (खास कसब) येते, त्याने प्रत्येक लेव्हलला दोन हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) जास्त मिळतात. तेव्हा पहिल्या लेव्हलला तिचे हिट पॉइंट विझार्डचे ६ अधिक काटकपणाचे ३ अधिक टफचे २, म्हणजे ११. आता तिच्या शेजारी विद्वान बॅकग्राउंडची विझार्ड उभी करा. तिची बुद्धी १७, फाशात अधिक तीन, काटकपणा १५, हिट पॉइंट ८. विद्वान मुलीला स्वतःच्या फीटमधून आणखी थोडी जादू मिळते हे खरे, परंतु फाशावरचा दोघींमधला फरक एका आकड्याचा आहे, म्हणजे शंभरात पाच वेळा. पहिल्या लेव्हलला ज्यांनी विझार्ड खेळला आहे त्यांना ८ आणि ११ यांतला फरक जास्त चांगला कळेल, कारण एका गॉब्लिनच्या नशीबवान वाराने आडवे होणे आणि उभे राहणे यांतला तो फरक आहे.

म्हणजे पुस्तक तिला ‘तू विझार्ड होऊ नकोस’ असे म्हणत नाही. ‘तू झालीस तर कोणत्या जातीची विझार्ड होशील’ एवढे ते ठरवते. रापलेली, चिवट, पुस्तकांत थोडी कच्ची. अशी पात्रे मला चौदाव्या विद्यापीठातून आलेल्या चौदाव्या पंडितापेक्षा लक्षात राहतात. अर्थात ज्यांना प्रत्येक गुण कमाल हवा असतो त्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचे बॅकग्राउंड नेहमी तेच ते तीन-चार निघतील, हा दोष मी नाकारत नाही.

तरीही बेडी नकोच असेल तर वाट पुस्तकातच आहे. जुन्या पुस्तकांतले बॅकग्राउंड वापरायचे असेल आणि त्यात गुणांची वाढ दिलेली नसेल तर ती हव्या त्या गुणांना द्यावी आणि ओरिजिन फीटही निवडावे, असे हँडबुकमध्ये स्पष्ट लिहिले आहे. स्वतःचे बॅकग्राउंड बनवण्याची रीत मात्र त्यांनी हँडबुकमध्ये न देता नोव्हेंबर २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ठेवली. खेळाडूच्या उपयोगाची गोष्ट डीएमच्या पुस्तकात का, हे मला अजून उमगलेले नाही. ओसरी यांचा राग तिकडे वळवावा.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. आता सर्व क्लासना सबक्लास (क्लासमधली उपशाखा) तिसऱ्या लेव्हलला मिळतो. नवख्यांना पहिल्याच दिवशी निवडींच्या ढिगाऱ्याखाली गाडू नये हा त्यामागचा हेतू समजतो. परंतु क्लेरिक (पुजारी) पहिल्या लेव्हलपासून देवाची जादू वापरतो आणि त्या देवाचे क्षेत्र कोणते हे नियमांना दोन लेव्हल ठाऊक नसते; वॉरलॉकने शक्तीसाठी कोणा अमानवी शक्तीशी करार केलेला असतो आणि कोणाशी केला ते पुढे ठरते. जुन्या नियमांत या दोघांना ते पहिल्याच लेव्हलला मिळे. आम्ही खेळताना देवाचे नाव सुरुवातीलाच सांगून टाकतो आणि शक्ती तिसऱ्याला घेतो. काम भागते, पण शिवण दिसते.


जुनी_वही (न्यू जर्सी)

माझ्या कपाटात १९७८ चे प्लेअर्स हँडबुक आहे, १२८ पानांचे. ज्या काळी विकत घेतले त्या काळी आम्हांला तेही जाड वाटत असे. त्या पुस्तकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क दोघेही होते. आताच्या पुस्तकातल्या दहा वंशांत दोघेही नाहीत, ऑर्कला मात्र पूर्ण जागा मिळाली आहे. ओसरी, तुमच्या बार्डचे काय होणार ही चिंता असेल तर सोडा. खलाशी यांनी सांगितलेला जुन्या सामग्रीचा नियम वंशांनाही लागू आहे : जुना हाफ-एल्फ तसाच घ्यायचा, फक्त त्याची गुणवाढ सोडून द्यायची आणि ती बॅकग्राउंडमधून घ्यायची.

बाकी, सातव्या लेव्हलपर्यंत सुखाने चाललेला खेळ कोणी का मोडावा हे मला समजत नाही. आम्ही कॉलेजात सुरू केलेला खेळ अजून त्याच नियमांवर, आता व्हिडिओ कॉलवर, चालू आहे.


फळा_खडू (नाशिक)

मी शाळा सुटल्यावर सातवी-आठवीच्या मुलांना हा खेळ खेळवते. त्यामुळे मला पडलेला प्रश्न कॅम्पेन बदलण्याचा नाही, तर कोऱ्या पाटीचा आहे, आणि त्या बाजूने मला हे पुस्तक आधीच्यापेक्षा निःसंशय उजवे वाटते. मुले नियमांचा कोश शब्दकोशासारखा वापरतात. एक जण वाचतो, दुसरा मराठीत सांगतो, तिसरा ‘असे लिहिलेलेच नाही’ म्हणून हटून बसतो. ज्या पालकांना पुस्तकाची किंमत परवडत नाही त्यांना मी एवढेच सांगते की नियमांचा गाभा एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आणि चारच बॅकग्राउंड आहेत, पण तेरा वर्षांच्या मुलांना वर्षभर तेवढे पुरून उरते.

त्या परवान्याची आणखी एक बाजू मराठी खेळाडूंनी ध्यानात घ्यावी. मूळ श्रेय नोंदवले की त्या मजकुराचा अनुवाद करून तो खुशाल वाटता येतो. आम्ही कोशापासून सुरुवात केली आहे, आणि त्यात शस्त्रांच्या आठ मास्टरींनी आमचा एक आख्खा महिना घेतला. कारण इंग्रजी शब्दाचा अर्थ एक आणि नियमाचा अर्थ दुसरा, असे तिथे जागोजागी आहे. ग्रेझ सोपा गेला : ओझरता वार. टॉपलला लोळवणे, पुशला ढकल, स्लोला पाय जखडणे. सॅपमध्ये शत्रूचा पुढचा वार ढिला पडतो, त्याला मुलांनी मरगळ म्हटले आणि मी मान डोलावली. क्लीव्हमध्ये एकाला लागलेल्या शस्त्राने शेजारच्यालाही मारता येते. ‘एक घाव दोन तुकडे’ या म्हणीवरून एकाने ‘एक घाव दोन गडी’ केले. व्हेक्सवर अडलो होतो. शब्दकोशात छळणे, सतावणे असे अर्थ मिळतात, पण नियम असा आहे की वार बसला की त्याच शत्रूवरचा तुमचा पुढचा वार सोपा जातो. आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, म्हणजे वर्म सापडले ना?’ फळ्यावर तेच राहिले. निकचे तर नावच दिशाभूल करते. दुसऱ्या हातातल्या हलक्या शस्त्राचा जादा वार पूर्वी बोनस ॲक्शन खात असे, निकमुळे तो मूळ हल्ल्यातच उरकतो. त्याला आम्ही ‘हातासरशी’ म्हणतो. खंजीर, विळा, हलकी हातोडी यांच्यापुढे तक्त्यात तोच शब्द लिहिला आहे.

वंशाच्या जागी आता स्पीशीज आले, तिथे मात्र एकमत झालेले नाही. ‘प्रजाती’ लिहिले की मुलांना जीवशास्त्राचा तास आठवतो. मी ‘कूळ’ सुचवले, तर एका मुलाने विचारले की मग एल्फचे आडनाव काय. सध्या जागा रिकामी आहे.

ओसरी यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर एवढेच : तुमच्या टेबलावर नवा माणूस येणार असेल तर बदला, नसेल तर घाई नाही.


ओसरी (पुणे)

सर्वांचे आभार. दोन_दाणे यांनी सांगितल्याप्रमाणे पॅलाडिनला एकट्याला फोन केला. तो पाऊण तास बोलला, त्यातली चाळीस मिनिटे स्माइटवर. घोड्याचे आमिष दाखवले, तर ‘घोडा गुहेत कुठे बांधू?’ हा त्याचा प्रश्न, आणि आमची सध्याची कथा पूर्ण जमिनीखाली चालली असल्यामुळे मला उत्तर देता आले नाही. म्हणून असे ठरले आहे की गुहेतून वर येईपर्यंत, माझ्या अंदाजाने नवव्या लेव्हलपर्यंत, क्लास जुनेच राहतील. औषधाची कुपी, थकवा, बेसावधपणाचा नियम आणि ड्रुइडचा कळप हे येत्या शनिवारपासून नव्या पद्धतीने घेऊ. फायटरला मास्टरी आत्ताच हवी आहे. त्याला ग्रेझ दिले आहे आणि टॉपल राखून ठेवले आहे, कारण आमच्याकडेही एक तिरंदाज नुकती येऊन मिळाली आहे. फळा_खडू यांच्या कसोटीने पाहता बदलायलाच हवे होते, पण ती बाई जुन्या नियमांची मुरलेली खेळाडू आहे.

खलाशी, तुमचा ११ आणि ८ चा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि तो बरोबर आहे. माझा आक्षेप अर्धा मागे घेते. उरलेला अर्धा डंजन मास्टर्स गाइडकडे वळवला आहे.

फळा_खडू, तुमचे शब्द गेल्या बैठकीत वापरून पाहिले. ‘ओझरता वार’ आणि ‘वर्म सापडले’ पहिल्याच लढाईत रुळले. अडचण एकाच ठिकाणी आली : सेव्हिंग थ्रोला मी ‘बचाव’ म्हटले, तर दोघांनी तो आर्मर क्लास समजून चिलखताचा आकडा सांगितला. मुलांनी या दोहोंसाठी वेगळे शब्द शोधले असतील तर कृपया येथे लिहावेत, शनिवारच्या आत मिळाले तर फार बरे होईल.